एक तरी उणीव हवी

दाफिना रुसिनोव्हाने उभ्या आयुष्यात कोणाचं वाईट चिंतलं नाही. तरी एका मुलीचं होत आलेलं काम तिने स्वतःच्या हाताने मोडलं, तेही टाइपरायटरवर, दोन्ही बाजूंना सुबक समास सोडून. हे तिचं तिला कळायला सात वर्षं लागली, आणि कळल्यावर त्या मुलीपर्यंत जायला आणखी एक अख्खा हिवाळा. त्या सात वर्षांचं मी समजू शकतो. हिवाळ्याचं नाही.

प्लोव्दिवच्या विद्यापीठात डॉक्टरेट करणाऱ्या मुलामुलींचं जे काही अडे, ते दाफिनाच्या टेबलापाशी येऊन सुटे. मुदतवाढ, वसतिगृहातली खोली, प्रबंधाच्या बांधणीचा रंग, परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज, नोकरीच्या जाहिराती, सगळं. तिसऱ्या मजल्यावर, पूर्वी नकाशे ठेवायचे त्या खोलीत ती बसे. नावाला ती साधी कारकून होती. पण नवीन आलेल्या मुलाला जुनी मुलं पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवत की कुलगुरू चुकले तरी चालतील, दाफिनामावशीला चुकवू नकोस. तिच्या कपाटात फायलींच्या शेजारी तीन कोट टांगलेले असत, मुलाखतीला जाणाऱ्यांसाठी. त्यातला एक तिच्या नवऱ्याचा, स्तामेनचा. तो लवकर गेला, मूलबाळ झालं नव्हतं, आणि चांगला लोकरीचा कोट नुसता लटकत ठेवणं तिला पटलं नाही. बाहीला टाचण्या लावून तिने तो निदान वीस जणांच्या अंगावर बसवला असेल, माझ्याही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ती मुलाला समोर बसवी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणी आणि परक्या आवाजात प्रश्न विचारी. मुलं हसत. ती हसत नसे. मग लिंडेन झाडाच्या फुलांचा चहा करून देई आणि कुठे कुठे माती खाल्ली ते एकेक करून सांगे.

पण तिचं खरं कसब होतं शिफारसपत्रांत, आणि ते काम कागदोपत्री तिचं नव्हतंच. ते प्राध्यापकांचं. आता वनशास्त्राचे प्रोफेसर मंगारोव्ह घ्या. माणूस विद्वान, झाडांबद्दल बोलायला लागला की ऐकत राहावं. पण दोन गोष्टींना भयंकर भीत: समोरासमोर उघड्या राहिलेल्या दार-खिडकीतून येणारा वाऱ्याचा झोत, आणि कोरा कागद. पहिल्याने त्यांची मान धरे, दुसऱ्याने डोकं. "तूच लिही गं दाफिना, मी खाली नाव टाकतो," असं म्हणून ते मोकळे होत. बाकीचे त्यांच्यापेक्षा निराळे नव्हते. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षं त्या विद्यापीठातून जी पत्रं बाहेर गेली, त्यांच्यावर सह्या दहा जणांच्या असल्या तरी हात एकच होता.

हे कसब तिला शिकवलं गेना त्सोनेव्हा या बाईने. दाफिना एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरमध्ये बावीस वर्षांची पोर म्हणून कामाला लागली, तेव्हा त्सोनेव्हा कर्मचारी विभागाची प्रमुख होती. त्या काळी, कम्युनिस्ट राजवटीत, माणसाबरोबर त्याचा गुणदोषांचा कागद फिरे. नोकरी, बढती, घर, परदेशी जायची परवानगी, काहीही मागा, आधी तो कागद वाचला जाई. दाफिनाने लिहिलेला पहिला कागद त्सोनेव्हाने वाचला आणि परत सरकवला.

"नुसतं गोड लिहिलंयस," ती म्हणाली. "वाचणारा काय म्हणेल? म्हणेल, हा कोणाचा तरी पुतण्या आहे. एक तरी उणीव हवी. खरी हवी, पण बारकी. लोक कागद खालून वर वाचतात, बाळ. आधी उणीव शोधतात, ती बारकी निघाली की जीव भांड्यात पडतो आणि मग वरचं सगळं खरं वाटतं."

आणि तसंच होई. एका जलतज्ज्ञाबद्दल दाफिनाने लिहिलं, 'थोडा विसराळू आहे, छत्री कोठेही ठेवतो.' त्याला राजधानीत नोकरी लागली. ज्याचा सगळ्यात मोठा गुन्हा छत्री विसरणं, त्याला कोण नको म्हणेल? दुसऱ्या एकीबद्दल लिहिलं, 'सभेत बोलताना लाजते.' तिलाही लागली. पुढे राज्य बदललं, त्सोनेव्हा वारली, कार्यालयातली पुढाऱ्यांची चित्रं उतरली, पण पत्रं वाचणारी माणसं तीच होती आणि ती तशीच खालून वर वाचत. दाफिनाला तिच्या उणिवांचा अभिमान होता. गुण काय, कोणालाही दिसतात, ती म्हणे. उणीव नेमकी लिहायची तर माणूस ओळखावा लागतो.

इस्क्रा दॉयचिनोव्हाला तर तिने पोटच्या मुलीसारखं ओळखलं होतं.

इस्क्रा वेलिनग्रादकडच्या डोंगरातली, वनरक्षकाची मुलगी. उंच, हाडकुळी, पायांत कायम रानातले बूट. ती जुन्या पाइन झाडांच्या खोडातली वर्षांची वर्तुळं मोजत असे. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी काडी काढायची, ती शीतपेयाच्या नळीत घालून आणायची, आणि भिंगाखाली एकेक वर्ष मोजायचं, असा तिचा उद्योग. दाफिनाच्या खोलीत ती त्या नळ्यांचा जुडगा घेऊनच येई आणि टेबलावर पसरे. वाद घातल्याशिवाय तिला अन्न पचत नसे. ग्रंथपालाशी नियमावरून, खानावळीत घेवड्याच्या रश्श्यावरून, दाफिनाशी अर्जातल्या स्वल्पविरामावरून. अर्जाची सहा पानं असोत की साठ, प्रत्येक ओळ वाचणार आणि निदान तीन ठिकाणी म्हणणार, "मावशी, हे असं कसं? हे चुकलंय." आणि बहुतेक वेळा ते चुकलेलंच असे.

एकदा तिने मंगारोव्हांना भर चर्चासत्रात अडवलं. सरांनी दोनशे वर्षांचा तक्ता लावला होता, त्यांच्या हयातीचं काम. इस्क्रा मागच्या रांगेतून उठली आणि म्हणाली, सर, यात एक वर्ष हरवलंय. युद्धानंतरच्या दुष्काळात काही झाडांनी वर्तुळ धरलंच नाही, म्हणजे त्याच्या मागची सगळी वर्षं एकाने चुकली. मंगारोव्ह टोमॅटोसारखे लाल झाले. दाफिना मागे कॉफीचे पेले लावत होती, ते तिने हातातच धरून ठेवले. पुढे सहा महिन्यांनी सरांच्या पुस्तकात ते वर्ष गुपचूप आलं, इस्क्राचं नाव मात्र कुठे आलं नाही.

चर्चासत्र संपल्यावर ती तडक तिसऱ्या मजल्यावर आली होती. "मावशी, मी जास्त बोलले का?"

"बोललीस ते बरं केलंस," दाफिनाने सांगितलं. "या इमारतीत कोणीतरी बोलायला हवंच होतं." हे तिने अगदी मनापासून सांगितलं. त्या दिवशी तिला स्वतःला बावीस वर्षांचं झाल्यासारखं वाटलं होतं.

डॉक्टरेट हातात पडल्यावर इस्क्राने परदेशातल्या एका मोठ्या संस्थेत अर्ज केला. झाडांच्या वर्तुळांवर काम करणारी ती जगातली नावाजलेली जागा, आणि दोन वर्षं तिथे काढली की पुढचं सगळं सोपं. मंगारोव्हांचं पत्र लागणार होतं. सर म्हणाले, दाफिना, तूच. दाफिनाने त्या पत्रावर चार दिवस घालवले. इतका जीव तिने कुठल्या पत्रात ओतला नव्हता. मेहनती, काटेकोर, रानात एकटीने महिनोन्महिने काम करणारी, असं लिहिलं. आणि मग उणिवेची जागा आली. ती शोधावी लागलीच नाही. 'स्वतःच्या मताला चिकटून राहते व वरिष्ठांशी वाद घालते,' असं तिने लिहिलं आणि स्वतःशीच हसली. वाचणाऱ्याला कळेल, तिला वाटलं, की ही पोर काय ताकदीची आहे. भाषा विभागातल्या बाईंनी ते इंग्रजीत उतरवलं, सरांनी नाव टाकलं, दाफिनाने पाकीट चिकटवून वर शिक्का मारला आणि अर्जासोबत पाठवायला इस्क्राच्या हातात दिलं. पत्र मुलांना दाखवायचं नाही, हाही त्सोनेव्हाचाच नियम.

नकार आला. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तेच पत्र, तारीख बदलून. पुन्हा नकार. त्या वर्षी इस्क्राच्या प्रबंधावरचे लेख दोन परदेशी मासिकांत छापून आले होते, त्यामुळे नकार का आला ते कोणालाच उमगेना. दाफिनाने चहा केला आणि सांगितलं की त्या लोकांना आपल्याकडची माणसं नकोच असतात, त्यात तुझं काय चुकलं. इस्क्रा तेव्हाही वाद घालत होती. नाही मावशी, मागच्या वर्षी त्यांनी आपल्याच रुसे शहरातला मुलगा घेतला, म्हणजे कारण दुसरं आहे, मी शोधून काढते. तिसऱ्या वर्षी ती पाकीट घेऊन गेली ती महिनाभर आलीच नाही. आली तेव्हा म्हणाली, "नाही जमलं." एवढंच. तोंडावर राग नाही, रडं नाही. मग तिने खोली सोडली, नळ्या विभागाला दिल्या आणि वेलिनग्रादला परत गेली. तिथल्या एका लाकूड कारखान्यात तिला काम मिळाल्याचं दाफिनाच्या कानावर आलं.

तीन वर्षांनी वाचनालयाची राहिलेली पुस्तकं द्यायला ती एकदा आली होती. दंडाच्या पावतीवर ग्रंथपालाने तारीख चुकीची घातली, तरी ती काही बोलली नाही, पावती घडी करून खिशात ठेवली. दाफिनाला ते दिसलं. तिला वाटलं, शहाणी झाली पोर. असं वाटलं, आणि बरंही वाटलं, हे तिने पुढे स्वतःच मला सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

दोन हजार नऊ साली युरोपच्या निधीतून तिच्या खोलीचं 'करिअर केंद्र' झालं. दारावर नवी पाटी, आत नवा रंग, एक प्रिंटर, आणि दाफिना केंद्राची समन्वयक. काम तेच. त्या नोव्हेंबरात सोफियाहून बिलियाना नावाची एक तरुण बाई प्रशिक्षण द्यायला आली. विभागाविभागांतल्या, दाफिना धरून तिच्याच वयाच्या चौदा बायका अर्धवर्तुळात बसल्या होत्या. बिलियानाने नावं खोडलेली दोन शिफारसपत्रं वाटली आणि विचारलं, कोणतं पत्र वाचून तुम्ही या मुलाला परदेशातल्या जागेसाठी घ्याल?

पहिलं पत्र साखरेच्या पाकात घोळलेलं होतं. असा विद्यार्थी दहा वर्षांत झाला नाही वगैरे. दुसऱ्यात तीन गुण होते आणि एक उणीव, 'कामाला थोडा वेळ लावतो.' चौदाच्या चौदा बायकांनी दुसरं पत्र उचललं. दाफिनाने तर सर्वांत आधी. बिलियानाला वाटलं या बायका तिची थट्टा करताहेत. ती हसली, मग त्यांची तोंडं बघून थांबली.

"या पत्राने मुलाचा अर्ज पहिल्याच चाळणीत गेला," ती म्हणाली. "तिकडे पत्र लिहिणारा कधीच वाईट लिहीत नाही. त्यामुळे त्याने एक ओळ जरी वाईट लिहिली, तर ते समजतात की खरं याच्या दसपट असणार आणि हा बिचारा सभ्यपणे सावध करतोय."

मग तिने वाईटातली वाईट उणीव कोणती तेही सांगितलं. वरिष्ठांशी पटत नाही असं दिसलं, की त्या माणसाला प्रयोगशाळेत कोणी घेत नाही.

बाकीच्या बायका कुजबुजायला लागल्या. दाफिना उठून आपल्या कपाटापाशी गेली. आपल्या प्रत्येक पत्राची कार्बन प्रत ती ठेवत असे. इस्क्राच्या तिन्ही प्रती एकाखाली एक होत्या. तिने पहिली वाचली. मग दुसरी, जशी काही ती निराळी असणार होती. ती तिथल्याच खुर्चीत बसली, आणि बिलियानाने येऊन काय होतंय विचारलं तेव्हा म्हणाली, रक्तदाब असेल.

त्याच दुपारी बिलियानाने आणखी एक गोष्ट सांगितली होती. संशोधन सोडून गेलेल्यांना परत आणायची एक नवी शिष्यवृत्ती निघाली होती, तीन वर्षांची, याच विद्यापीठात. वयाची अट चाळीस. अर्ज मार्चअखेरपर्यंत. सोबत एक शिफारसपत्र. इस्क्राला छत्तिसावं चालू होतं. म्हणजे दार पुरतं बंद झालं नव्हतं. एका माणसाने बसने दोन तास जाऊन तोंड उघडायचं, एवढंच काम होतं.

आणि दाफिना गेली नाही.

नोव्हेंबरात म्हणाली, आधी नवं पत्र तयार करू. डिसेंबरात म्हणाली, सणासुदीचं कशाला कोणाचं घर नासवा. जानेवारीत डोंगरात बर्फ होतं. कारखान्याचा नंबर तिने चारदा फिरवला, चारदा कोणीतरी "हॅलो" म्हणालं आणि चारदा तिने फोन ठेवला. इतरांची प्रकरणं ती निस्तरत राहिली. उणिवा लिहिणं तिने एका दिवसात बंद केलं, आपण परदेशी पाठवलेली सगळी पत्रं काढून बसली, कोण कुठे आहे ते शोधलं, चौघांना खरं काय झालं ते कळवलंसुद्धा. त्यातल्या एकाने चांगलं झापलं, ते तिने मुकाट ऐकून घेतलं. पण इस्क्राचं नाव आलं की ती उठून खिडकी पुसायला लागे. कारण बाकीच्यांबद्दल तिने नियम म्हणून लिहिलं होतं, आणि हिच्याबद्दल कौतुकाने.

फेब्रुवारीच्या शेवटी ती नवं पत्र घेऊन मंगारोव्हांच्या घरी गेली. सर निवृत्त झाले होते, गळ्याला लोकरीचा पट्टा, सगळ्या खिडक्या बंद. नेहमीसारखं त्यांनी पेन उघडलं. या वेळी दाफिनाने कागद सोडला नाही. आधी वाचा, म्हणाली. त्यांनी वाचलं. हरवलेलं वर्ष कोणी शोधलं, ते त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

"बरोबर होती ती," मंगारोव्ह म्हणाले. मग पुन्हा एकदा वाचून, "हे तेव्हाच का नाही लिहिलंस?"

"सही तुमची होती, सर," दाफिना म्हणाली. सरांनी कागद पुढे ओढला आणि सही केली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती बसमध्ये बसली. मनगटावर मुलांनी बांधलेले वसंताच्या शकुनाचे लाल-पांढरे दोरे होते, पिशवीत नवं पत्र, अर्ज आणि सकाळी भाजलेला, चीज भरलेला बानित्सा, कारण रिकाम्या हाताने जायचं कसं. वाटभर तिने बोलायचं काय ते पाठ केलं. शिव्या खायची तयारी होती. खरं तर तिला त्या हव्याच होत्या. पोर उठेल, टेबलावर हात आपटेल, म्हणेल मावशी हे असं कसं, आणि मग आपण रडू, मग ती रडेल, आणि पहिल्या पानापासून अर्जात चुका काढायला लागेल.

कारखान्यात इस्क्रा एका काचेच्या खोपटात बसत असे. परदेशी जाणाऱ्या फळ्यांमधली ओल मोजायची आणि कोरड्या निघालेल्या गठ्ठ्यावर शिक्का मारायचा, हे तिचं काम. अंगावर निळा डगला, केस कापलेले. दाफिनाला बघून ती उठली, दोन्ही गालांचे मुके घेतले, बसायला आपली खुर्ची दिली. तेवढ्यात मुकादम आत आला, गोरानोव्ह नावाचा आडदांड माणूस. बाहेर गाडी भरायची होती.

"हा गठ्ठा कोरडा आहे ना?" त्याने विचारलं.

इस्क्राने यंत्राच्या दोन सुया फळीत टोचल्या. आकडा पंधरावर थांबला. बारापर्यंत चालतं, हे समोर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, दाफिनालाही वाचता येत होतं. इस्क्राने आकडा बघितला, मुकादमाकडे बघितलं.

"तुम्ही म्हणता तर असेल," ती म्हणाली आणि शिक्का मारला.

गोरानोव्ह खूश होऊन दाफिनाकडे वळला. पाहुण्यांसमोर आपल्या माणसाचं चांगलं बोलावं, एवढी रीत त्याला होती. पाच वर्षं झाली आजी, तो म्हणाला, या बाईने एकदा उलट शब्द काढला नाही. डॉक्टरीण आहे, पण गर्व म्हणून नाही.

तो गेल्यावर दाफिनाने पाठ केलेलं सगळं विसरून एका दमात सांगून टाकलं. त्सोनेव्हा, उणीव, खालून वर, बिलियाना, तीन कार्बन प्रती. इस्क्रा बानित्साचा तुकडा हातात धरून ऐकत होती.

"मला माहीत आहे, मावशी," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे परदेशात ते कसं वाचतात ते माहीत नव्हतं. पत्रातलं माहीत होतं. तिसऱ्या वेळी मी पाकीट वाफेवर धरून उघडलं. कारण शोधून काढते म्हणाले होते ना."

"मग पाठवलंस कसं?"

"नाही पाठवलं."

दाफिनाला काही कळेना. इस्क्राने शांतपणे समजावून सांगितलं, एखाद्या नवीन मुलीला काम समजवावं तसं. सर तीन ओळीसुद्धा लिहीत नाहीत, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणजे ते मावशीने लिहिलेलं होतं. लोक काय म्हणायचे त्याचं तिला काही नव्हतं. पण त्या इमारतीत जे एकच माणूस आपल्या बाजूचं, त्यालाही आपल्यात हेच दिसत असेल, तर ते खरंच असणार, असं तिला वाटलं. महिनाभर ती घरात बसून होती. मग तिने ठरवलं की हे बदलायचं. सुरुवातीला जड गेलं, मग सवय झाली.

"अगं, ते कौतुक होतं," दाफिना म्हणाली. "तुझं मला सगळ्यात काय आवडायचं माहितेय? तेच. मी चुकले, इस्क्रा. तू बरोबर होतीस, दर वेळी. भांड ना माझ्याशी. काहीतरी बोल मला."

"तुम्ही कशाला वाईट वाटून घेता," इस्क्रा म्हणाली. "चांगल्यासाठीच लिहिलं असेल तुम्ही."

तिने थर्मासमधून चहा ओतला, पेला दाफिनाच्या हातात दिला आणि तो सांडू नये म्हणून क्षणभर खालून धरून ठेवला. दाफिनाने पिशवीतून अर्ज काढला. अकरा पानं होती. तीन वर्षांची शिष्यवृत्ती, तुझ्या सगळ्या नळ्या विभागात अजून तशाच आहेत, मुदत महिनाअखेर, असं सगळं ती सांगत गेली, आणि सांगताना सहाव्या पानावरच्या रकान्याकडे तिची नजर गेली. तिथे इस्क्राच्या प्रबंधाचं वर्ष दाफिनाने स्वतः चुकीचं लिहिलं होतं. घाईत झालं होतं. तिने ते पान मुद्दाम वर ठेवलं, इस्क्राच्या अगदी डोळ्यांसमोर, आणि वाट पाहिली.

इस्क्राने डगल्याच्या खिशातून पेन काढलं.

"तुम्ही म्हणताय तर करते अर्ज," ती म्हणाली. "सही कुठे करायची, मावशी?"

दाफिनाने शेवटचं पान उघडून तिला जागा दाखवली.